चूक न दाखवणाऱ्या ओळी

हिंदी बोलू लागलेल्या मराठी माणसाला 'खटमल' किंवा 'दहलीज' या शब्दांचा फारसा त्रास होत नाही. शब्द अनोळखी आहे हे लगेच कळते, तो अर्थ विचारून घेतो आणि पुढे जातो. घोटाळा होतो तो 'शिक्षा' आणि 'चेष्टा' या शब्दांपाशी. शब्द तेच, लिपी तीच, उच्चारही जवळपास तोच. पण हिंदीतली शिक्षा शाळेत मिळते आणि मराठीतली शिक्षा वर्गाबाहेर उभे राहून भोगावी लागते. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. जुने बेसिक प्रोग्राम आजच्या हौशी, जुन्या धाटणीच्या संगणकावर आणताना नेमके हेच होते. ज्या ओळीवर यंत्र अडते आणि चूक दाखवते, ती ओळ दुरुस्त करायला दहा मिनिटे पुरतात. जी ओळ मुकाट्याने चालते पण वेगळाच अर्थ घेते, ती आठवडा खाते. या कामात पडणाऱ्याने आपला बहुतेक वेळ दुसऱ्या प्रकारच्या ओळींसाठी राखून ठेवावा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

बेसिक ही एक भाषा कधी नव्हतीच म्हटले तरी चालेल. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात तिला जन्म दिला; १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अल्टेअर या संगणकासाठी तिची आवृत्ती लिहिली; आणि मग प्रत्येक कंपनीने आपापल्या यंत्रापुरती वेगळी बोली केली. एका यंत्रावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर आणणे हा त्या काळातही नित्याचा उद्योग होता. १९७८ मध्ये डेव्हिड लीन यांचे 'द बेसिक हँडबुक' निघाले, ते या बोलींचा कोशच होते. डेव्हिड आल यांच्या खेळांच्या प्रसिद्ध संग्रहाची पहिली आवृत्ती १९७३ ची आणि घरगुती संगणकांसाठीची १९७८ ची. त्यातला 'हमुराबी' मुळात बेसिकमध्ये नव्हताच, तो फोकल नावाच्या भाषेतून आला. 'सुपर स्टार ट्रेक'चा मूळ खेळ माइक मेफील्ड यांनी १९७१ मध्ये सिग्मा ७ या मोठ्या यंत्रावर लिहिला, पुढे तो ह्युलेट-पॅकार्डच्या बेसिकमध्ये गेला, बॉब लीडम यांनी तो वाढवला, आणि मग तो पुस्तकात आला. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणून हातात धरतो, तेही पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या हातचे रूपांतर असते.

लेख अधांतरी राहू नये म्हणून एक मुक्काम ठरवून घेऊ. ऑस्ट्रेलियात जेफ ग्रॅहम यांनी २०११ मध्ये मॅक्झिमाइट हा छोटा संगणक पुढे आणला. सुरू करताच थेट बेसिकमध्ये उघडणारा. २०२० मध्ये ग्रॅहम आणि पीटर मॅथर यांचा कलर मॅक्झिमाइट २ आला, त्याचा प्रोसेसर ४८० मेगाहर्ट्झचा. त्याच घराण्याचे एमएमबेसिक पिकोमाइट या नावाने रास्पबेरी पाय पिको या स्वस्त पट्टीवरही चालते, आणि भारतात हात घालायला तोच मार्ग सोपा. निघण्याचे ठिकाण म्हणून मुख्यतः जीडब्ल्यू-बेसिक आणि कमोडोर ६४ धरू. आपल्याकडे शाळेतल्या किंवा क्लासच्या जुन्या वहीत बेसिक सापडले तर ते बहुधा जीडब्ल्यू-बेसिकच असते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात ज्यांची शाळा होती, त्यांच्या वहीत बीबीसी मायक्रोचे बेसिक निघेल. त्यांनी मात्र एमएमबेसिककडे न वळता बीबीसी बेसिकच बोलणारा अॅगॉन लाइट हा संगणक घ्यावा. निम्मे काम तिथेच वाचते.

पहिले काम बदल करण्याचे नाही, बोली ओळखण्याचे आहे. छापील पानावर यंत्राचे नाव असेलच असे नाही, पण खुणा असतात. अवतरणचिन्हांच्या आत उलट्या रंगातला बदाम किंवा चमत्कारिक चौकोन दिसले तर कमोडोर. ती चिन्हे म्हणजे पडदा पुसणे आणि कर्सर हलवणे यांच्या सूचना आहेत. मेमरीच्या पत्त्यावर थेट आकडा लिहिणाऱ्या पोकमध्ये ५३२८० आणि ५३२८१ हे आकडे आले की कमोडोर ६४ च, कारण ते कडेच्या आणि पार्श्वभूमीच्या रंगाचे पत्ते. १५३६० पासूनचे पत्ते टीआरएस-८० च्या पडद्याचे. पीकमध्ये वजा १६३८४ दिसले तर अॅपल २ चा कीबोर्ड. 'लोकेट' आणि 'स्क्रीन' असेल तर जीडब्ल्यू-बेसिक किंवा त्याचे भाऊबंद. स्ट्रिंगच्या कंसात 'टू' लिहून तुकडा काढला असेल तर सिंक्लेअर. ही ओळख पटल्याशिवाय एक अक्षरही बदलू नये, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर टेकलेला आहे.

उघड अडणाऱ्या ओळींबद्दल थोडक्यात. जुन्या लोकांनी मेमरी वाचवण्यासाठी शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढून टाकलेल्या असतात, त्या परत घालाव्या लागतात. 'डेफ एफएन'च्या जागी फंक्शन लिहावे. सिंक्लेअर किंवा अटारीवरचे हिशेब करून उडी मारणारे गोटू असेल तर ऑन-गोटू किंवा सिलेक्ट-केस वापरावे. जीडब्ल्यू-बेसिकच्या रेघा आणि वर्तुळे यांचे कंस काढून सरळ स्वल्पविरामांनी आकडे द्यावेत. पोकची वाक्यरचनाच एमएमबेसिकमध्ये निराळी असल्याने ती ओळही अडतेच. तिथे आकड्याचे नव्हे, त्यामागच्या हेतूचे भाषांतर करायचे असते. कमोडोरवर १०२४ मध्ये आडवा आकडा आणि उभ्याची चाळीसपट मिळवून ८१ पोक केले असेल, तर लेखकाला चाळीस रकान्यांच्या पडद्यावर अमुक जागी एक चेंडू हवा आहे. तेवढे एक काम करणारी सबरुटीन लिहावी आणि सगळीकडे तिला हाक मारावी. डेटाच्या ओळींमध्ये यंत्रभाषेचे आकडे असतील आणि 'सिस' किंवा 'कॉल'ने ते चालवले जात असतील, तर मात्र भाषांतर होत नाही. ६५०२ चा कोड नव्या प्रोसेसरला कळणार नाही. तो भाग काय करतो ते शोधून पुन्हा लिहायचा, नाहीतर दुसरा प्रोग्राम निवडायचा.

आता 'शिक्षा' आणि 'चेष्टा'. सर्वात घातक उदाहरण खऱ्या-खोट्याचे. मायक्रोसॉफ्ट घराण्याच्या बहुतेक बोलींत, म्हणजे जीडब्ल्यू-बेसिक आणि कमोडोर दोन्हींत, खऱ्या विधानाची किंमत वजा एक असते. एमएमबेसिकमध्ये ती अधिक एक आहे. (अॅपलसॉफ्ट आणि सिंक्लेअरमध्येही एकच, मायक्रोसॉफ्टनेच अॅपलला दिलेली बोली इथे का फुटली, हा वेगळा विषय.) जुन्या खेळांत एक्स या जागेतून 'दाबलेली कळ डी आहे' हे विधान वजा केलेले असते आणि 'कळ ए आहे' हे मिळवलेले असते. वजा एक वजा केले की एक वाढतो, गडी उजवीकडे सरकतो. हीच ओळ एमएमबेसिकवर विनातक्रार चालते, फक्त उजवी कळ दाबली की गडी डावीकडे पळतो. इथे निदान डोळ्यांना दिसते. हेच गणित गुणांच्या किंवा इंधनाच्या हिशेबात लपले असेल तर खेळ नुसता 'जरा अवघड' वाटतो आणि कुणालाच शंका येत नाही. 'नॉट'चेही तसेच. जुन्या बोलीत तो आकड्याचे सगळे बिट उलटवतो, म्हणून नॉट एक म्हणजे वजा दोन, आणि वजा दोन शून्य नाही म्हणून तेही खरेच. एमएमबेसिकचा नॉट तार्किक आहे, एकाचे शून्य करतो. बिट उलटवायला तिथे 'इन्व्ह' आहे. त्यामुळे कंसातली तुलना जिथे जिथे बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकारात आली आहे, आणि जिथे जिथे नॉट आला आहे, त्या सगळ्या ओळींखाली आधी पेन्सिलीने रेघ मारावी.

'कलर १४' ही जीडब्ल्यू-बेसिकमध्ये पिवळ्या अक्षरांची सूचना. एमएमबेसिकमध्ये रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचा मिळून एक मोठा आकडा. १४ म्हणजे जवळजवळ काळा. काळ्यावर काळी अक्षरे उमटतात, प्रोग्राम सुखेनैव चालत असतो आणि आपण पडद्याची वायर हलवून बघत बसतो. 'टायमर' जीडब्ल्यू-बेसिकमध्ये सेकंद मोजतो, एमएमबेसिकमध्ये मिलिसेकंद. दहा सेकंदांची मुदत असलेले कोडे डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते. यादृच्छिक आकड्याच्या फंक्शनला टीआरएस-८० वर ६ दिला की फाशासारखा एक ते सहामधला पूर्णांक मिळतो, बीबीसीवरही तसेच. एमएमबेसिक कंसातल्या आकड्याकडे बघतच नाही आणि शून्य ते एकमधला अपूर्णांक हातावर ठेवते. पुढचा ऑन-गोटू तो अपूर्णांक घेऊन भलतीकडे जातो, पण तक्रार करत नाही. 'डिम'मध्ये नावापुढे डॉलर आणि कंसात ८० असेल, तर अटारी किंवा ह्युलेट-पॅकार्डवर त्याचा अर्थ ऐंशी अक्षरांची एक स्ट्रिंग. मायक्रोसॉफ्ट आणि एमएमबेसिकमध्ये शून्य ते ऐंशी अशा एक्याऐंशी स्ट्रिंग. एमएमबेसिक प्रत्येकीला २५६ बाइट देते, म्हणजे न मागितलेल्या २० हजारांहून अधिक बाइटांचा खर्च. खरोखरच अॅरे हवा असेल तेव्हा 'लेंग्थ' लावून तो आवरता येतो.

काही ओळी अडतात खऱ्या, पण दुरुस्त करताना फसवतात, त्या याहून कपटी. 'गेट' ही कमांड कमोडोरवर कळ दाबली असेल तर घेते, नसेल तर रिकामी स्ट्रिंग घेऊन पुढे जाते. अॅपलसॉफ्टची 'गेट' कळ दाबेपर्यंत थांबून राहते. दोन्हींच्या जागी डोळे मिटून एमएमबेसिकचे न थांबणारे इन-की-डॉलर घातले, तर अॅपलवरचा खेळ खेळाडूची वाट न बघता एकटाच खेळून मोकळा होतो. फॉर लूप तर अडतही नाही, पण त्याचीही गोम आहे. कमोडोर आणि अॅपलसॉफ्टमध्ये अट शेवटी तपासली जाते, म्हणून एकपासून शून्यापर्यंतचा लूपही एकदा फिरतोच. जीडब्ल्यू-बेसिक आणि एमएमबेसिक आधी तपासतात आणि तो ओलांडून जातात. शत्रूंची संख्या शून्य झाल्यावरही ती एक फेरी होणार हे मूळ लेखकाने गृहीत धरले असेल, तर खेळाचा शेवट कधी येतच नाही. दशांशाच्या पायऱ्यांनी चढणाऱ्या लूपच्या फेऱ्याही एकाने कमी-जास्त होऊ शकतात, कारण जीडब्ल्यू-बेसिकचा साधा आकडा सातेक अंकांपुरता नेमका असतो आणि एमएमबेसिकचा त्याच्या दुपटीहून अधिक. अधिक अचूक म्हणजे अधिक चांगले, हे इथे लागू पडत नाही.

यावर एक चांगला उपाय एमएमबेसिकनेच दिला आहे. वरच्या ओळीत 'ऑप्शन एक्सप्लिसिट' लिहिले की जाहीर न केलेला प्रत्येक व्हेरिएबल चूक म्हणून समोर येतो. जुन्या कमोडोरवर नावाची पहिली दोनच अक्षरे मोजली जात. लेखकाने एका ठिकाणी लांबलचक नाव पूर्ण लिहून दुसरीकडे शेवटचे अक्षर गाळले असले तरी यंत्राला दोन्ही एकच. नव्या यंत्राला ते दोन निराळे व्हेरिएबल, आणि त्यातल्या एकात कायम शून्य. ऑप्शन एक्सप्लिसिट अशा मुक्या ओळीला बोलते करते. छापील पानावरून टंकताना किंवा स्कॅन केलेल्या मजकुरातून घेताना शून्य आणि इंग्रजी ओ यांची जी अदलाबदल होते, तीही बरीचशी इथेच सापडते. सगळी नावे जाहीर करताना जुन्या बोलीत एकाच अक्षराचा साधा आकडा, अॅरे आणि स्ट्रिंग हे तिघे वेगळे असल्याचे लक्षात येईल. त्यांना तीन स्वतंत्र नावे देऊन टाकावीत. काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळणारा पुढे दुप्पट कंटाळतो.

वेग हा स्वतंत्र मामला. काहीही न करता एक ते हजार मोजणारा लूप कमोडोर ६४ वर सेकंदाच्या आसपास थांबवायचा. नव्या यंत्रावर तो असून नसल्यासारखा. त्या जागी 'पॉज' आणि मिलिसेकंदांचा आकडा घातला की झाले, असे वाटते. पण बहुतेक जुन्या खेळांत लेखकाने विसावा लिहिलेलाच नसतो. बेसिकचा संथपणा हाच त्याचा विसावा. मूळ यंत्रावर मुख्य लूपची एक फेरी किती वेळ घेते हे मोजावे, समजा ८० मिलिसेकंद आली, तर नव्या यंत्रावर फेरीच्या सुरुवातीला टायमर टिपून ठेवावा आणि ८० पूर्ण होईपर्यंत शेवटी वाट बघावी. सरसकट ८० चा पॉज नको, कारण फेरीतले काम कधी जास्त असते, कधी कमी.

इथे पहिला आक्षेप येतो: मूळ यंत्र मोजायला आणायचे कुठून, आणि इम्युलेटर वापरायचा तर मग खेळ तिथेच का खेळू नये, रूपांतराचा खटाटोप कशाला? नुसता खेळ खेळायचा असेल तर इम्युलेटरच बरा, हे मोकळेपणाने मान्य करावे. रूपांतर त्याच्यासाठी आहे, ज्याला तो प्रोग्राम कसा विचार करतो हे समजून घ्यायचे आहे, किंवा हातातल्या छोट्या यंत्रावर तो पुढे वाढवायचा आहे. पण अशा माणसालाही इम्युलेटर लागतोच, साक्षीदार म्हणून. कमोडोरसाठी व्हाइस, जीडब्ल्यू-बेसिकसाठी पीसी-बेसिक किंवा डॉसबॉक्स हाताशी ठेवावा. वेग मोजताना मात्र तो मूळ यंत्राच्या गतीवर लावलेला आहे ना, हे आधी बघावे. मग एक युक्ती करावी: यादृच्छिक आकड्यांच्या जागी वीस-तीस ठरलेले अपूर्णांक डेटाच्या ओळींत लिहून तेच दोन्हीकडे क्रमाने वाचायला लावावेत. 'हमुराबी'त जमिनीचा भाव दरवर्षी एकरी १७ ते २६ मापे धान्य यांमध्ये कुठेतरी पडतो. आकडे ठरलेले आणि उत्तरे तीच दिली, तर दहा वर्षांच्या राज्यकारभाराचा हिशेब दोन्ही पडद्यांवर ओळीला ओळ जुळला पाहिजे. जिथे पहिल्यांदा फरक पडतो, त्याच्या लगेच आधी मुकी ओळ बसलेली असते. पहिल्या प्रयत्नाला म्हणूनच 'हमुराबी'सारखा निव्वळ अक्षरांचा खेळ घ्यावा. 'स्टार ट्रेक' मोहात पाडतो, पण तो नंतर.

दुसरा आक्षेप सुधारकांचा. ओळींचे आकडे आणि गोटूंचे जंजाळ नव्या यंत्रावर कशाला न्यायचे? डायक्स्ट्रा यांनी गोटूविरुद्ध १९६८ मध्येच लिहिले. एमएमबेसिकमध्ये सबरुटीन, फंक्शन, सिलेक्ट-केस सगळे आहे, तर सरळ नव्याने लिहावे. नव्याने लिहायला हरकत नाही, पण दुसऱ्या फेरीत. एमएमबेसिक ओळींचे आकडे आणि गोटू निमूट स्वीकारते. रूपांतर आणि सुधारणा एकाच बैठकीत केली की फरक दिसल्यावर तो बोलीमुळे पडला की आपल्या हुशारीमुळे, हे सांगता येत नाही. साधी गोष्ट, नुसत्या टिपणीच्या रेम ओळी काढून टाकल्या तरी प्रोग्राम मोडू शकतो, कारण कुठलेतरी गोटू नेमके त्या रेमच्या आकड्यावर उडी मारत असते. शिवाय जुन्या रचनेत काही शहाणपणही असते. 'सुपर स्टार ट्रेक'च्या पुस्तकातल्या आवृत्तीत आठ बाय आठचा नकाशा प्रत्येक घराला तीन अक्षरे धरून १९२ अक्षरांच्या एका स्ट्रिंगमध्ये बसवला आहे. २५५ ची मर्यादा पाळून केलेली ही मांडणी ओबडधोबड दिसते खरी, पण तिच्या जागी चौसष्ट स्ट्रिंगांचा सरधोपट अॅरे केला तर एमएमबेसिकमध्ये १६ किलोबाइट जातात. एकूण २६४ किलोबाइट रॅम असलेल्या पिकोवर, जिथे पडद्याच्या चित्रालाही त्यातूनच जागा द्यावी लागते, ही रक्कम किरकोळ नाही.

तिसरा आक्षेप आजचा: हे सगळे एखाद्या रूपांतरक प्रोग्रामकडे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवले तर? वाक्यरचनेपुरते जरूर सोपवावे. मोकळ्या जागा घालणे, डेफ एफएनचे फंक्शन करणे, कंस बदलणे यात माणसाचा वेळ जाऊ नये. पण ही सगळी कामे यंत्राने स्वतः चूक दाखवून दिलीच असती, त्या बाजूची आहेत. खऱ्याची किंमत वजा एक धरायची की एक, 'गेट' थांबणारी की न थांबणारी, हे त्या ओळीत लिहिलेलेच नसते. ते त्या ओळीखालच्या यंत्रात असते. ज्याने बोली ओळखली नाही, तो माणूस असो की साधन, इथे अंदाजच करणार. बोली आणि यंत्र स्पष्ट सांगून साधनाला कामाला लावावे, आणि ठरलेल्या आकड्यांची चाचणी मात्र आपल्या डोळ्यांनी ओळ न् ओळ बघावी.

रूपांतर इतरांना देण्याआधी मूळ प्रोग्रामचे हक्क कुणाकडे आहेत तेवढे पाहून घ्यावे. पुस्तक जुने झाले म्हणून ते आपोआप सर्वांचे होत नाही. आणि देताना प्रोग्रामच्या डोक्यावर चार रेम ओळी जरूर लिहा: मूळ कुठल्या पुस्तकातले किंवा वहीतले, कुठल्या यंत्राचे आणि बोलीचे, एमएमबेसिकची कोणती आवृत्ती वापरली, आणि अर्थ बदलू नये म्हणून कोणकोणत्या ओळी बदलल्या. तुमच्यानंतर कुणीतरी तो तिसऱ्याच यंत्रावर न्यायला बसणार आहे.